आमच्यामागे याचं कसं? : निवासी संस्थेऐवजी राहत्या वस्तीत व्यवस्था कशी उभारायची

बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे आई-वडील सत्तरीला टेकले की घरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. मग घाईने त्याच्या नावावर एफडी होते, जमलं तर फ्लॅटही होतो, आणि दोन-तीन निवासी संस्थांच्या प्रतीक्षायादीत नाव लागतं. त्याची संध्याकाळ कशी जाते आणि रात्री त्याला कोण लागतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. आधी पैसा, मग जागा, मग माणसं आणि सगळ्यात शेवटी तो, असा क्रम बहुतेक घरांत लागतो. तो नेमका उलटा हवा.

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. गेली सहा वर्षं तो आमच्याच जुन्या घरात, सोबतीला एक मदतनीस घेऊन राहतो. हे उभं करायला आम्हाला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष चुकीच्या क्रमामुळे वाया गेलं. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. जिथे ‘तो’ म्हटलं आहे तिथे ‘ती’ही समजा. एक विनंतीही आहे: चाळिशीच्या माणसाला ‘मूल’ म्हणणं आजपासून थांबवा. मूल म्हटलं की त्याला विचारायचं राहून जातं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि एखाद्या ठरावीक निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. त्यामुळे ‘संस्थेशिवाय पर्याय नाही’ असं कोणी सांगितलं, तर ती त्यांची अडचण आहे, कायद्याची नाही.

## टप्पा १ : दोन आठवड्यांची नोंदवही

एक साधी वही घ्या. सलग १४ दिवस, त्यात दोन रविवार आणि जमल्यास एक सणाचा दिवस धरून, तो सकाळपासून काय काय करतो ते लिहा. प्रत्येक कामापुढे चारांपैकी एक खूण करा:

- स्वतः करतो
- आठवण करून द्यावी लागते
- शेजारी उभं राहावं लागतं
- करून द्यावं लागतं

नोंद शक्यतो आईने करू नये. आईला सवयीने हात पुढे करायचा असतो. चहा ओतून द्यायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचं. आमच्याकडे ‘आंघोळ: करून द्यावी लागते’ असं आईने लिहिलं होतं. मी आठवडाभर बाहेर उभी राहून फक्त ‘आता पाठ’, ‘आता पाय’ एवढंच म्हणत राहिले, तर सगळी आंघोळ त्याची त्याने केली. पुढे मदतनीस नेमताना या एका ओळीमुळे कामाचं स्वरूपच बदललं.

रात्र वेगळ्या पानावर लिहा. या टप्प्यातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. तो किती वेळा उठतो, एकटा संडासला जातो का, फिट येते का, दार उघडून बाहेर जातो का. यातून तीनपैकी एक उत्तर निघतं: रात्री कोणी जागं हवं, कोणी घरात झोपलेलं असलं तरी चालेल, किंवा हाकेच्या अंतरावर कोणी असलं तरी पुरे. ज्याला रात्रभर जागं माणूस लागतं त्याला दोन पाळ्यांत माणसं लागतात, आणि खर्च तिथेच जवळपास दुप्पट होतो.

वहीच्या शेवटी तब्येतीची दोन पानं ठेवा. औषधाचं नाव, मात्रा, वेळ. फिट आली तर किती मिनिटांनी रुग्णालयात न्यायचं. घास घशात अडकण्याचा धोका आहे का. दुखलं तर तो ते कसं दाखवतो. माझा भाऊ पोटात दुखलं की टीव्ही बंद करतो. बाहेरच्या माणसाला हे कसं कळावं?

त्याला विचारा. बोलता येत असेल तर ‘तुला कुठे राहायचंय?’ असा मोठा प्रश्न नको. ‘ताईकडे राहिलास तेव्हा काय आवडलं नाही?’ असा लहान प्रश्न विचारा. बोलत नसेल तर फोटो दाखवा: इथलं घर, मावशीचं घर, कार्यशाळा, शेजारचे काका. कोणता फोटो हातात धरून ठेवतो आणि कोणता बाजूला सारतो ते पाहा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

> पडताळा: वही एका अनोळखी माणसाच्या हातात द्या. फक्त ती वाचून त्याला एक दिवस तुमच्या माणसासोबत काढता आला पाहिजे. तो जे प्रश्न विचारेल, ती तुमची राहिलेली पानं.

## टप्पा २ : कोणती व्यवस्था?

आता पर्याय पाहायचे. आपल्याकडे प्रत्यक्षात चालतात ते असे.

राहतं घर आणि मदतनीस. घर, गल्ली, वाणी, रिक्षावाला सगळे ओळखीचे राहतात. ज्यांना बदल सोसत नाही त्यांच्यासाठी, विशेषतः ऑटिझम असलेल्यांसाठी, याचा पहिला विचार करा. जोखीम एकच, पण मोठी: बंद दाराआड एकटा मदतनीस. त्यावर उपाय टप्पा ३ आणि ७ मध्ये आहे.

भावंडाच्या जवळ, पण भावंडाच्या घरात नव्हे. त्याच इमारतीत किंवा पाच मिनिटांच्या अंतरावर वेगळी खोली. ‘मीच सांभाळीन’ म्हणून एकाच घरात घेतलेल्या कितीतरी व्यवस्था भावंडाच्या संसारातल्या ताणामुळे दोन वर्षांत मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. वेगळं दार असेल तर नातं टिकतं.

दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक घर. एकमेकांना आधीपासून ओळखणारे दोघं-तिघं, साध्या सोसायटीत भाड्याचा फ्लॅट आणि वाटून घेतलेला मदतनीस. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने ‘होम अगेन’ या उपक्रमात दीर्घ मानसिक आजार असलेल्यांसाठी अशीच नेहमीच्या वस्तीतली भाड्याची घरं चालवली आहेत. गरजा वेगळ्या असल्या तरी रचना शिकण्यासारखी आहे: रुग्णालयासारखी पाटी नाही, चार-पाच माणसं, सोबतीला मदतनीस. इथे घर कोणाच्या नावावर यापेक्षा ‘एकाने सोडायचं ठरवलं तर काय’ हे आधी लिहून ठेवा. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदणीकृत असावा लागतो आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. दोन्ही आधी उरका.

ओळखीच्या कुटुंबात राहणं. निवृत्त शिक्षक दांपत्य, गावाकडची आत्या. खर्चाचे पैसे दरमहा ठरवून द्यायचे, उपकार म्हणून नाही. ज्याला गर्दी सोसत नाही त्याच्यासाठी चांगलं. मात्र त्या कुटुंबाचंही वय वाढतं, हे विसरू नका.

यांपैकी काहीही निवडलं तरी दिवसाचे पाच-सहा तास घराबाहेर जायला हवेत: कार्यशाळा, कोणाच्या दुकानात पुड्या बांधणं, बागकाम, देवळात फुलं लावणं. दिवस रिकामा असेल तर कितीही चांगलं घर तुरुंगासारखं होतं.

तीन गोष्टी एकत्र आल्या असतील, म्हणजे जवळचं कोणी नाही, देखरेखीला तासभरही कोणी देऊ शकत नाही, आणि वैद्यकीय गरज सततची आहे, तर चांगली निवासी संस्था हाच सुरक्षित मार्ग आहे. तो घेताना मनात अपराध धरू नका.

> सावधान: जागा आताच विकत घेऊ नका. टप्पा ६ मधली तालीम झाल्यावरच घ्या.

## टप्पा ३ : माणसं

तीन कामं तीन वेगळ्या माणसांकडे हवीत: जो सोबत राहतो तो, जो पैसे सांभाळतो तो, आणि जो देखरेख करतो तो. मदतनीसाकडे एटीएम कार्ड आणि पिन दिलेलं असणं ही मला सर्वांत जास्त घरांत दिसलेली चूक आहे. माणूस वाईट असतो असं नाही; हिशेब विचारणारं कोणी नसलं की चांगल्या माणसालाही सवय लागते.

यांच्याभोवती चार-सहा जणांचं एक वर्तुळ करा. प्रत्येकाला एकच नेमकं काम द्या. शेजारच्या काकूंनी रोज एकदा दार वाजवायचं. मावसभावाने महिन्याला औषधं आणायची. शाळेतल्या जुन्या बाईंनी पंधरवड्याला फोन करायचा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे वीस जण असून उपयोग नाही.

भावंडांशी बोलताना त्यांच्या जोडीदारालाही समोर बसवा. आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक खरोखर द्या. भावाने भिडेखातर ‘हो’ म्हटलं आणि वहिनीला कोणी विचारलंच नाही, अशा होकारावर उभी केलेली व्यवस्था पहिल्या आजारपणात कोसळते.

मदतनीस ब्यूरोतून घ्या किंवा ओळखीतून, पोलीस पडताळणी करूनच घ्या. पहिला महिना घरच्या माणसासोबत काम करू द्या. आठवड्याची सुट्टी, वर्षातली मोठी रजा आणि त्या काळात येणारा दुसरा माणूस हे पगार ठरवतानाच ठरवा. दुसरा माणूस महिन्यातून एक दिवस तरी येऊन जायला हवा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो अनोळखीच असतो.

> पडताळा: मदतनीसाचा उद्या सकाळी ‘मी येत नाही’ असा फोन आला, तर नऊ वाजता घरात कोण असेल? नाव सांगता आलं नाही तर टप्पा ४ कडे जाऊ नका.

## टप्पा ४ : कागदपत्रं, याच क्रमाने

इथे क्रम चुकला की एकेक कागद परत येतो.

१. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र. आधार कार्डावरचं नाव, जन्मतारीख आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरचं नाव एकसारखं आहे का ते आधी पाहा. बहुतेक योजनांसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावं लागतं.

२. कायदेशीर पालकत्व. पुष्कळ आई-वडिलांना वाटतं की आपण पालक आहोतच. वयाच्या १८ वर्षांपर्यंत असता. त्यानंतर बँकेत, नोंदणी कार्यालयात तुमची सही त्याच्या वतीने चालत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. पालकत्व कशासाठी हवं आहे हे समितीने पाहायचं असतं, म्हणून अर्जात कारण नेमकं लिहा: बँक व्यवहार, मालमत्ता, वैद्यकीय निर्णय. जे तो स्वतः ठरवू शकतो ते त्याच्याकडेच राहू द्या. दुसरं, पालक भारतीय नागरिक असावा लागतो. अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेल्या भावाचं नाव तुम्ही मनात धरलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी तो नागरिक नाही. त्याला देखरेखीचं किंवा पैशाचं काम द्या, पालकत्व इथल्या माणसाकडे असू द्या.

या चार गटांत न बसणाऱ्यांसाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यासाठी वकिलाशी बोला.

> सावधान: पालक नेमला की काम संपत नाही. पालकाला नेमणुकीपासून सहा महिन्यांत दिव्यांग व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब द्यावा लागतो. पहिल्याच वर्षी ही तारीख कॅलेंडरवर लिहा.

३. बँक खातं. पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर खातं उघडता येतं; रिझर्व्ह बँकेने बँकांना तशा सूचना दिलेल्या आहेत. शाखेतला कर्मचारी न्यायालयाचा हुकूम मागू लागला तर वाद न घालता शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

४. निरामय आरोग्य विमा. याच चार गटांसाठी, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं आणि बहुतेकांचं तिथेच सुटतं.

५. कुटुंब निवृत्तिवेतन. वडील किंवा आई केंद्र वा राज्य सरकारी सेवेत असतील, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला त्यांच्या पश्चात आजीवन निवृत्तिवेतन मिळू शकतं. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतही कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग अपत्यासाठी तरतूद आहे. आई-वडील हयात असतानाच त्याचं नाव कार्यालयाच्या नोंदीत आणि पीपीओमध्ये (निवृत्तिवेतनाच्या आदेशात) चढवून घ्या. नंतर हेच काम करायला लागणारे हेलपाटे भावंडांना अक्षरशः थकवून टाकतात.

## टप्पा ५ : पैसा

आता पहिल्यांदा आकडे मांडा. मदतनीस, बदली मदतनीस, किराणा, औषधं, कार्यशाळेचं शुल्क, प्रवास, घरपट्टी आणि सोसायटीचा देखभालखर्च, आणि त्याचे स्वतःचे पैसे. शेवटचं टाळू नका. माझ्या भावाला रोज संध्याकाळी स्वतःच्या खिशातून वडापाव घ्यायचा असतो.

चुका ठरलेल्या आहेत:

- फ्लॅट थेट त्याच्या नावावर करणं. पुढे विकायचा किंवा भाड्याने द्यायचा झाला तर परवानग्यांचा मोठा गुंता होतो.
- ‘तू बघ त्याचं’ म्हणून सगळं भावाच्या नावावर करणं. भावाचा घटस्फोट झाला, धंदा बुडाला, किंवा तोच आधी गेला, तर त्या पैशावर याचा कागदोपत्री हक्क उरत नाही.
- नॉमिनी म्हणजे वारस समजणं. साधारणपणे नॉमिनी रक्कम फक्त स्वीकारतो. मालकी मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

मालमत्ता बऱ्यापैकी असेल तर भारतीय न्यास अधिनियम १८८२ खाली खासगी ट्रस्ट करा. स्थावर मालमत्ता हयातीत ट्रस्टमध्ये घालायची तर दस्त नोंदणीकृत हवा. किमान दोन विश्वस्त ठेवा, आणि त्यांच्यानंतर कोण हेही दस्तात लिहा. त्याचा हयातभर राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत येऊ द्या. त्याच्या पश्चात उरलेलं ज्याला मिळणार आहे, त्याच्या एकट्याच्या हातात खर्चाचा निर्णय देऊ नका. आज कमी खर्च केला तर उद्या त्याचाच फायदा होतो, अशा जागी कोणालाच बसवू नये. मालमत्ता लहान असेल तर नीट केलेलं मृत्युपत्र, पालकाच्या देखरेखीखालचं खातं आणि निवृत्तिवेतन एवढंही पुरतं. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा.

## टप्पा ६ : तालीम, आई-वडील हयात असतानाच

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. मग बापाच्या तेराव्यानंतर त्याला गाडीत बसवून नव्या जागी नेलं जातं. वडीलही गेले आणि घरही गेलं, एकाच पंधरवड्यात. त्यानंतर तो खात नाही, मारतो, कपडे फाडतो, आणि लोक म्हणतात ‘याला घरी ठेवणं शक्यच नव्हतं’.

तालीम पायरीपायरीने घ्या: एक संध्याकाळ, एक रात्र, दोन रात्री, आठवडा, महिना. एक पायरी सलग दोनदा नीट पार पडली तरच पुढची. व्यवस्था राहत्या घरातली असेल तर त्याला हलवू नका. आई-वडिलांनी घराबाहेर जायचं. गावी जा, लेकीकडे जा. आणि दर दोन तासांनी फोन करू नका. वर्तुळातल्या एकाच माणसाने दिवसातून एकदा कळवायचं.

आमच्या पहिल्या तालमीत दुसऱ्या रात्री भाऊ पहाटेपर्यंत पलंगावर बसून राहिला. मदतनीसाला कारण कळेना. तिसऱ्या दिवशी आईच्या लक्षात आलं: तिच्या हाताला सवय होती म्हणून पॅसेजमधला झिरोचा दिवा रोज चालू राहायचा, आणि नव्या माणसाने तो विजेची बचत म्हणून बंद केला होता. नोंदवहीत ‘दिवा’ नव्हता. त्या रात्री वहीत दोन पानं वाढली.

एक तालीम मुद्दाम अडचणीची घ्या: मदतनीसाची सुट्टी, लाइट जाणं, ताप. कोण कुणाला फोन करतं ते बाजूला उभं राहून पाहा.

आई-वडिलांपैकी कोणी गेलं तर त्याला सरळ सांगा: ‘बाबा वारले. ते आता येणार नाहीत.’ ‘गावाला गेलेत’ असं सांगितलेला माणूस महिनोन्‌महिने दाराशी उभा राहतो. अंत्यदर्शन घेऊ द्या. आणि त्या वर्षात घर, मदतनीस, कार्यशाळा यांपैकी काहीही आपणहून बदलू नका.

## टप्पा ७ : देखरेख

देखरेख करणाऱ्याने न कळवता जायचं, दर वेळी वेगळ्या वेळी. जाऊन गप्पा मारत बसू नका, आधी हे पाहा:

- फ्रिजमध्ये आजचं अन्न आहे का
- औषधाच्या पट्टीतल्या गोळ्या तारखेशी जुळतात का
- नखं, दात, कानामागची कातडी, अंगावर वळ
- पासबुकात रोख काढलेली रक्कम आणि पावत्या
- मदतनीस खोलीत आल्यावर त्याच्या चेहऱ्यात काय बदलतं
- या आठवड्यात तो घराबाहेरच्या किती माणसांना भेटला

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सलग दोन आठवडे ‘एकही नाही’ आलं, तर घर स्वच्छ असूनही व्यवस्था बिघडली आहे.

अंगाच्या कोणत्या भागांना कोणी हात लावायचा नाही, हे त्याला शब्दांनी किंवा चित्रांनी शिकवा. ती बाई असेल तर मदतनीसही बाईच हवी. मारहाण, उपासमार किंवा लैंगिक छळाचा संशय आला तर आधी त्याला तिथून हलवा, मग मदतनीसाला जाब विचारा. पोलिसांकडे जाता येतंच. २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेही तक्रार देता येते.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: त्याचं नाव, रक्तगट, औषधं, तीन फोन नंबर, जवळचं रुग्णालय, कागदपत्रांची फाइल कुठे आहे. आणि दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला नोंदवही पुन्हा उघडा, चार खुणा पुन्हा करा. आमच्या वहीत ‘भाजी आणणं’ यापुढे सहा वर्षांपूर्वी ‘शेजारी उभं राहावं लागतं’ होतं. यंदा तिथे ‘स्वतः करतो’ लिहिलं, आणि मदतनीसाच्या कामांच्या यादीतून ते काढून टाकलं.